आधी वही, मग सही

वाचकाचं पत्र:

वकीलबाई, नमस्कार. माझे वडील, अप्पा, तीन महिन्यांपूर्वी कराडला गेले. वय ७६. जिल्हा परिषदेच्या शाळेतून मुख्याध्यापक म्हणून निवृत्त झाले होते. मागे आई, पुण्याला असलेला मोठा भाऊ आणि लग्न होऊन डोंबिवलीला आलेली मी. पाटण तालुक्यात गावाकडे नव्वदीतली आजी आहे, काकांकडे. अप्पांनी मृत्युपत्र केलं नव्हतं. डायरीच्या एका पानावर फक्त ‘फ्लॅट चिरंजीवास, सोने कन्येस’ असं लिहून खाली सही केलेली सापडली. कराडचा फ्लॅट, बँकेत आणि पतसंस्थेत ठेवी, आईबरोबरचं लॉकर आणि गावाकडे थोडी जमीन एवढं आहे. पतसंस्थेचं कर्ज आहे, शिवाय अप्पा एका सहकाऱ्याला जामीन राहिले होते. फ्लॅटवर आणि बहुतेक ठेवींवर दादा नॉमिनी आहे. तो म्हणतो, ‘मी नॉमिनी आहे, म्हणजे कायद्याने सगळं माझंच. तू आणि आई हक्कसोडपत्रावर सही करा, वर्षश्राद्धाच्या आत उरकून टाकू.’ अप्पांच्या आजारपणात त्याने पुष्कळ खर्च केला, रात्री दवाखान्यात तोच असायचा. मला हाव नाही. पण सही केली तर आईचं काय, आणि नाही केली तर माहेर राहील का, या विचाराने झोप लागत नाही. अप्पांचं एटीएम कार्ड अजून दादाच वापरतो, असं आई परवा म्हणाली. काय करू?
– एक लेक

ताई,

आज सही करू नका, आणि आईलाही करू देऊ नका. सहा महिन्यांनी कराल, कदाचित आनंदाने कराल, तो तुमचा प्रश्न. आज नको, कारण अप्पांचं होतं किती आणि देणं किती हे अजून तुमच्यापैकी कुणालाच माहीत नाही. दादालाही नाही. जे मोजलंच नाही ते सोडणार कसं?

भावाबहिणींचे दावे मी पुष्कळ चालवले. बऱ्याच फायलींच्या मुळाशी एक साधा प्रश्न असतो: ‘ती एफडी मोडली होती, तिचं काय झालं?’ विचारलं तेव्हा कुणी नीट सांगितलेलं नसतं. सांगणाऱ्याला वाटतं, माझ्यावर संशय घेतात. विचारणाऱ्याला वाटतं, काहीतरी लपवतात. पुढे दहा-बारा वर्षं तारखा पडत राहतात.

माणूस गेला की मागे कारभारही उरतो आणि वाटणीही. येणं गोळा करायचं, देणं फेडायचं, सरकारदरबारी कळवायचं, हा कारभार. तो झाल्यावर जे शिल्लक राहील त्याची वाटणी. अप्पांनी मृत्युपत्र करून त्यात व्यवस्थापक नेमला असता, तर कारभार कुणी करायचा हे ठरलं असतं. मृत्युपत्र नसलेल्या हिंदू घरात कायदा आपण होऊन कुणाला कारभारी नेमत नाही. जो धावपळ करतो तोच कारभारी होतो, बहुतेक घरांत थोरला मुलगा. बँकेत तोच जातो, सोसायटीच्या सेक्रेटरीशी तोच बोलतो, आणि चार महिन्यांत त्याला मनापासून वाटायला लागतं की हे सगळं आपलंच. तुमच्या दादाचं तसंच झालं असावं. पत्रावरून मला तो लबाड वाटत नाही. त्याचा समज चुकलाय, आणि असा समज असलेली माणसं मला दर आठवड्याला भेटतात.

नॉमिनी म्हणजे पैसे स्वीकारायला नेमलेला माणूस. बँकेने कुणाच्या हातात पैसे दिले म्हणजे ती मोकळी होईल, एवढंच त्या नावाने ठरतं. ते पैसे शेवटी कुणाचे, हे वारसाकायदा ठरवतो. विम्याच्या बाबतीत सर्वोच्च न्यायालयाने हे १९८३ मध्येच सांगितलं होतं (विम्याचा कायदा २०१५ मध्ये बदलला, पण तुमच्याकडे विमा नाही, म्हणून ते सोडते). बँकेतल्या ठेवींबाबत २०१० मध्ये रामचंदर तलवार प्रकरणात तेच सांगितलं. शेअर्सच्या बाबतीत काही वर्षं गोंधळ होता, तो २०२३ च्या डिसेंबरात शक्ती येझदानी विरुद्ध जयानंद साळगावकर या निकालाने मिटला: तिथेही नॉमिनी मालक होत नाही. फ्लॅटचं तर आपल्या राज्याच्या सहकारी संस्था अधिनियमातच लिहिलंय. २०१९ मध्ये गृहनिर्माण संस्थांसाठी त्यात वेगळं प्रकरण घातलं गेलं, त्यातलं कलम १५४ब-१३ वाचा. वारसांची कागदपत्रं येईपर्यंत सोसायटी नॉमिनीला तात्पुरता सभासद करून घेते. ‘तात्पुरता’ हा शब्द दादाला मोठ्याने वाचून दाखवा.

मग वारस कोण? फ्लॅट आणि ठेवी अप्पांच्या स्वतःच्या कमाईच्या आहेत असं धरते. हिंदू उत्तराधिकार अधिनियम, १९५६ प्रमाणे पत्नी, मुलगा, मुलगी आणि मृताची आई हे सगळे पहिल्या वर्गातले वारस, आणि प्रत्येकाला सारखा वाटा. तुमच्या पत्रात आजीचा उल्लेख ओझरता आलाय, पण या सगळ्यात ती महत्त्वाची आहे. अप्पा गेले तेव्हा ती हयात होती, म्हणून सोळा आण्यांतले चार आणे आईचे, चार दादाचे, चार तुमचे आणि चार आजीचे. बहुतेक घरांत आजीला कुणी मोजतच नाही, आणि तिला स्वतःलाही हे ठाऊक नसतं. ती आहे तोवर निर्णय तिचा. ती गेली, तर तिच्या चार आण्यांत काका आणि आत्या येतील, शिवाय अप्पांच्या जागी तुम्ही दोघं. म्हणून सही आज नको म्हटलं, तरी कारभाराला वेळ लावू नका. तिचा अंगठा घाईघाईत उठवून घ्या, असा याचा अर्थ काढू नका. तिच्याकडे जाऊन, शेजारी बसून, हे तुझं आहे, तुला काय करायचंय, असं विचारायला हवं.

तुमचं लग्न झालंय, हुंडा दिला, लग्नात खर्च केला, बहिणीला साडीचोळी करतो, यांतल्या कशानेही तुमचे चार आणे कमी होत नाहीत. माहेरच्या मंडळींपैकी कुणीतरी हे काढणारच, म्हणून आधीच सांगून ठेवते.

डायरीचं पान. मला त्या पानाबद्दल वाईट वाटतं, कारण अप्पांनी विचार केला होता हे त्यातून दिसतं. मृत्युपत्राला स्टँप लागत नाही, नोंदणीची सक्ती नाही, साध्या कागदावर हाताने लिहिलेलं चालतं. एकच गोष्ट टळत नाही: दोन साक्षीदारांनी त्यावर सही करायला हवी. ती नसल्याने ते पान मृत्युपत्र ठरत नाही. वडिलांची इच्छा म्हणून चौघांनी मिळून त्याचा मान ठेवायचा असेल तर जरूर ठेवा, पण त्याच्या जोरावर कुणी कुणाला सही मागू शकत नाही. आणि एक: त्यातल्या ‘सोने’ या शब्दाकडे नीट बघा. लॉकरमधले आईचे दागिने, तिला माहेरून आलेले, अप्पांनी तिला घातलेले, हे आईचं स्त्रीधन. ते अप्पांचं नव्हतंच, म्हणून ते ना त्यांना देता येत होतं, ना आता वाटता येतं.

आता वही. दुकानातून दोनशे पानी वही आणा आणि ती दादाच्या हातात द्या. हो, दादाच्याच. धावपळ तो करतोय, तर कारभार त्यानेच करावा, फक्त लिहून करावा. एका भागात अप्पा गेले त्या दिवशी काय काय होतं ते: प्रत्येक खात्याचा नंबर, त्या तारखेची शिल्लक, एफडीच्या पावत्या, पतसंस्थेचे भाग, फ्लॅटचं भागपत्र, जमिनीचे गट नंबर. दुसऱ्या भागात देणं. तिसऱ्यात त्या दिवसानंतर काय आलं आणि काय गेलं, तारखेसह. दर रविवारी त्या पानाचा फोटो आईला, तुम्हाला आणि काकांमार्फत आजीला जावा. मी अशिलांना हे सांगते तेव्हा काहींना ते फार किरकोळ वाटतं. पण मी पाहिलंय, ज्या घरात ही वही चालली ते घर माझ्या ऑफिसात परत आलं ते पेढे घेऊन.

यादी करताना अप्पांच्या आयकराच्या पोर्टलवरचं २६एएस आणि वार्षिक माहितीपत्रक बघा. कुठल्या कुठल्या बँकेने त्यांना व्याज दिलं ते तिथे सापडतं, आणि घरच्यांना माहीत नसलेली एखादी एफडी हमखास वर येते. दहा वर्षं हात न लागलेल्या खात्यांतले पैसे रिझर्व्ह बँकेकडच्या निधीत जमा होतात. ते बुडत नाहीत. ‘उद्गम’ या पोर्टलवर नाव घालून शोधता येतात, मग बँकेकडे मागता येतात. वारस म्हणून पोर्टलवर नोंद करून अप्पांचं शेवटचं रिटर्न, म्हणजे १ एप्रिलपासून ते गेले त्या तारखेपर्यंतचं, भरावं लागेल. वारसाने मिळालेल्या मालमत्तेवर आपल्याकडे कर नाही. मालमत्ताशुल्क होतं, ते १९८५ मध्येच रद्द झालं. मृत्यूच्या दाखल्याच्या दहा-बारा प्रती नगरपालिकेतून एकदमच घ्या.

या सगळ्यात एटीएम कार्ड सर्वांत तातडीचं. दादाला आजच फोन करा. खातेदार गेला की त्याचं कार्ड, पिन, यूपीआय वापरायचा हक्क कुणालाच राहत नाही, घरातल्या माणसालाही नाही. खर्च आईच्या औषधाचा असला तरीसुद्धा. अप्पा निवृत्त शिक्षक होते, तेव्हा त्या खात्यात निवृत्तिवेतन जमा होत असणार, आणि ते गेल्याचं कळवलं नसेल तर अजूनही होत असेल. ते पैसे परत द्यावे लागतात. आधी जिल्हा परिषदेला आणि बँकेला लेखी कळवा. आईचं कुटुंब निवृत्तिवेतन त्याच अर्जापासून सुरू होतं. ते निवृत्तिवेतन आईचं एकटीचं, त्याची वाटणी नाही, ते वहीत येणारही नाही. दादाने आजवर जे काढलं ते त्याने तारीखवार तिसऱ्या भागात लिहावं, आणि तिथे तो विषय संपवा. रागावून विचारलंत तर तो पुढचं काहीच लिहिणार नाही.

देणी. वाटणीआधी काय फेडायचं याचा क्रम १९२५ च्या भारतीय उत्तराधिकार अधिनियमात दिलाय. तो नेमलेल्या व्यवस्थापकासाठी आहे, पण घरच्या कारभारालाही चांगला धडा आहे. सगळ्यांत आधी अंत्यविधीचा वाजवी खर्च आणि शेवटच्या आजारपणातला वैद्यकीय खर्च. इतर सगळ्या कर्जांच्याही आधी. म्हणून दादाने दवाखान्यात भरलेल्या पैशांच्या पावत्या मागवा आणि ती रक्कम वहीत देण्याच्या पहिल्या ओळीवर लिहा. तुम्ही स्वतः लिहा. तो न मागता तुम्ही ते लिहिलंत, तर पुढची अर्धी बोलणी सोपी होतील असं मला वाटतं. रात्री तिथे तो होता, हे तुम्ही माझ्यासारख्या परक्या बाईला लिहिलंत. त्यालाही एकदा सांगा.

पतसंस्थेच्या कर्जाला कुणी घाबरवेल की मुलांच्या पगारातून कापतील. वारसांची जबाबदारी अप्पांकडून जेवढं आलं तेवढ्यापुरतीच. बापाचं कर्ज मुलाने फेडलंच पाहिजे हा जुना धर्मशास्त्रीय नियम २००५ च्या दुरुस्तीने गेला. पण जामीनकीकडे दुर्लक्ष करू नका. ज्या कर्जाला ते जामीन राहिले ते आधीच दिलेलं असेल तर जामीन गेल्याने ते सुटत नाही, आणि थकलं तर पतसंस्था सहकारी संस्था अधिनियमाच्या कलम १०१ चा वसुली दाखला घेऊन अप्पांच्या मालमत्तेवर येऊ शकते. पतसंस्थेकडून लेखी घ्या: अप्पांच्या कर्जाची बाकी किती, त्यावर कर्जविमा होता का, आणि त्या सहकाऱ्याचे हप्ते चालू आहेत का. हे पत्र हातात येईपर्यंत एक रुपयासुद्धा वाटू नका.

बँकेचं काम तुम्हाला वाटतं त्यापेक्षा सोपं आहे. नॉमिनी आहे तिथे दावा अर्ज, मृत्यूचा दाखला आणि ओळखपत्र यांवर पैसे मिळतात. कागद पूर्ण असतील तर १५ दिवसांत द्यावेत असं रिझर्व्ह बँकेच्या २०२५ च्या निर्देशांत आहे. नॉमिनी नाही अशा खात्यांतही १५ लाखांपर्यंत, आणि सहकारी बँकेत ५ लाखांपर्यंत, न्यायालयात न पाठवता साध्या कागदांवर दावा निकालात काढायचा आहे. त्यावरच्या रकमेला न्यायालयाचं उत्तराधिकार प्रमाणपत्र मागितलं जाऊ शकतं. ते फक्त पैसे आणि रोख्यांसाठी असतं, घरादाराला चालत नाही. घराजमिनीसाठी आपल्याकडे वेगळा वारसा दाखला दिवाणी न्यायालय देतं, तो १८२७ च्या मुंबई रेग्युलेशनखाली, अजूनही. पतसंस्था ही बँक नव्हे, ती सहकार खात्याखाली येते, तेव्हा तिथे रिझर्व्ह बँकेचा कागद दाखवून उपयोग नाही.

बँक तुमची आणि आईची ‘ना हरकत’ मागेल. दादाच्या हातात पैसे द्यायला हरकत नाही, एवढंच त्यात असेल तर सही करायला माझी ना नाही. पण छापील नमुन्यात कधी कधी ‘आम्ही आमचा सर्व हक्क सोडत आहोत’ अशी ओळ मध्येच असते. चष्मा लावून वाचा. ती ओळ असेल तर त्याच दिवशी चौघांच्या सहीचा वेगळा कागद करा: पैसे दादाकडे आले, ते सगळ्यांच्या वतीने आले, वाटणीपर्यंत अमुक खात्यात राहतील. लॉकर उघडताना दोन साक्षीदारांसमोर यादी करा आणि आईचं ते आईकडे तिथल्या तिथे द्या.

(वरचे वाटे हिंदू, बौद्ध, जैन, शीख घरांचे आहेत; मुस्लिम, ख्रिस्ती, पारशी घरांत वेगळे. आणि गोव्यातल्या वाचकांसाठी: तुमच्याकडे नवरा-बायकोच्या मालमत्तेचाच हिशेब वेगळा धरला जातो, आणि इन्व्हेंटरीच्या कारवाईत कारभाऱ्याला आधी सगळ्या मालमत्तेची यादी द्यावी लागते, मग वाटणी. मी कराडच्या घरात जी वही मागते आहे ती तिथे कायद्यानेच मागितली जाते. मला ती पद्धत फार आवडते.)

जमिनीबद्दल आज थोडंच. गावाकडची जमीन आजोबांकडून आली असणार, आणि आजोबा कधी गेले, तेव्हा फेरफार कुणाच्या नावाने झाला, आत्याचं नाव लागलं होतं का, यावर सगळं अवलंबून आहे. सातबाऱ्यावर नाव असणं म्हणजे मालकी सिद्ध होणं नव्हे, आणि नाव नसणं म्हणजे हक्क जाणंही नव्हे. वारस नोंदीचा अर्ज मात्र लगेच द्या. अप्पा गेल्यापासून तीन महिन्यांत कळवायचं असतं, आणि ते तुमचे आताच होत आलेत. तलाठ्याकडे द्या, म्हणजे आताच्या नावाने ग्राम महसूल अधिकाऱ्याकडे, किंवा ई-हक्कवर ऑनलाइन. अर्जात चारही नावं असू द्या. नोटीस निघते, हरकतीला पंधरा दिवस असतात. एखादं नाव गाळलेलं दिसलं तर त्याच मुदतीत लेखी हरकत द्या. फ्लॅट आणि जमीन एकाच कागदात गुंतवू नका.

आता ज्याची तुम्हाला भीती वाटते ते, आईचं.

माझे सासरे १९९१ मध्ये गेले. गावात त्यांचं चार खोल्यांचं घर होतं. सासूबाईंनी आणि आम्ही सगळ्यांनी धाकट्या मुलाच्या नावे हक्क सोडला. तो आईला सांभाळणार होता, त्याने तसं सगळ्यांसमोर सांगितलं होतं, आणि तेव्हा ते खोटंही नव्हतं. कागद मी स्वतः टाइप करून आणला होता, वकिलीची सनद मिळून दोन वर्षं झाली होती. सात-आठ वर्षांनी धंद्यासाठी घर विकलं गेलं. सासूबाईंनी पुढची अकरा वर्षं चार-चार महिन्यांच्या पाळीने काढली, प्रत्येक मुलाकडे. त्यांची एक कापडी पिशवी होती. तीत दोन लुगडी, गोळ्यांचा डबा आणि तांब्याच्या डबीत देव. माझ्याकडे आल्या की पिशवी कधी पूर्ण रिकामी करत नसत. मी एकदा म्हटलं, कपाटात लावते सगळं. तर म्हणाल्या, राहू दे, परत भरावंच लागतं. त्या कागदात ‘आईने हयात असेपर्यंत याच घरात राहायचं’ ही एक ओळ मी घालायला हवी होती. कुणी आक्षेपही घेतला नसता.

म्हणून आईचे चार आणे तिच्याच नावावर राहू द्या. फ्लॅटच्या भागपत्रावर आईचं नाव येऊ द्या, दादाचं नाव तिच्या जोडीला यायला माझी हरकत नाही. वर्ष-दोन वर्षांनी तुमच्या मनात आलं की आपले चार आणे दादाला द्यावेत, तर द्या. त्यासाठी हक्कसोडपत्र दुय्यम निबंधकाकडे नोंदवावं लागतं. जवळच्या नात्यात, मोबदला न घेता सोडलं तर मुद्रांक नाममात्र लागतो, पण नात्याप्रमाणे तो बदलतो, म्हणून आधी विचारून जा. नोंदवल्यावर ते मागे घेणं फार अवघड. कुणाच्या लाभात सोडताय ते नाव आणि कुठल्या मिळकती ते परिशिष्ट, दोन्ही स्वतः वाचा. ‘व इतर सर्व स्थावर जंगम’ असं शेपूट असेल तर खोडून घ्या. आणि आईने काही दिलंच तर ते तिचं राहणं, जेवण, औषधपाणी या अटीवर दिलंय हे त्याच कागदात लिहा. अट लिहिलेली असली आणि पाळली गेली नाही, तर ज्येष्ठ नागरिकांच्या २००७ च्या कायद्याच्या कलम २३ खाली प्रांतांकडे जाऊन तो कागद रद्द करून मागता येतो. तोंडी अट तिथे सिद्ध करताना जीव जातो.

माहेर तुटेल का, याचं उत्तर मी देऊ शकत नाही. दादाशी बोलायला शब्द मात्र देते. वकिलाची नोटीस पाठवू नका, आणि व्हॉट्सॲपवर तर मुळीच नको. आईच्या समोर, कराडच्या घरात बोला. म्हणा: ‘दादा, तू केलंस ते कुणी केलं नसतं. तुझे दवाखान्याचे पैसे सगळ्यांत आधी वळते करू. मी सही करणार नाही असं म्हणत नाही. अप्पांचं सगळं एका वहीत आलं, पतसंस्था मोकळी झाली, आजीला विचारून झालं, की आपण चौघं बसू. तोवर आईच्या नावाला हात लावायचा नाही, एवढं माझं ऐक.’ तो चिडेल. ‘माझ्यावर विश्वास नाही का’ असं विचारेल. त्यावर वाद घालू नका, वही पुढे करा आणि तुमच्याकडचा पहिला आकडा लिहा, अप्पांनी तुम्हाला कधी उसने दिलेले असतील तर ते. माझ्या अनुभवात, बहिणीने आपल्या नावावरचं देणं आधी लिहिलं की भावाचा हात वहीकडे येतो.

वर्षश्राद्धाला अजून नऊ महिने आहेत. एवढ्या वेळात कारभार नीट पुरा होतो. पतसंस्थेचं पत्र आलं की मला कळवा, आणि गावाकडून आजोबांच्या वेळचे फेरफार निघाले तर त्यांच्या प्रती पाठवा. जमिनीचं तेव्हा सविस्तर लिहीन.

तुमची,
वकीलबाई